रोवणीचा हंगाम आणि आपली कंबर

(रेडिओवरील शेतकरी कार्यक्रमातील भाषण – सडक अर्जुनी तालुक्यातील धान उत्पादक बंधू-भगिनींसाठी)



या कार्यक्रमात आपण नेहमी धानाचे वाण, खताच्या मात्रा, तुडतुडे आणि करपा यांविषयी ऐकता. आज मात्र मी एका वेगळ्याच अवजाराविषयी बोलणार आहे. हे अवजार आपण बाजारातून आणलेले नाही. त्याचे सुटे भाग कोहमाऱ्याला मिळत नाहीत आणि सौंदडलाही मिळत नाहीत. आणि ते एकदा बिघडले की घरची सगळी शेती अडून बसते. हे अवजार म्हणजे आपली कंबर आणि पाठीचा कणा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे शेकतो, हळद आणि लोणी लावून चोळतो. वर्षभर ज्या खांद्यांनी जू ओढले त्यांची ती सेवा असते. बैलाला खांदेसूज आली तर आपण त्याला जुंपत नाही; जू कुठे घासते ते तपासून पाहतो. आता हाच पोळा रोवणी आटोपता आटोपता येतो. मग ज्या माउलीने महिनाभर बांधीत वाकून रोवणी केली, तिच्या कमरेकडे कोण पाहतो? ती स्वतःसुद्धा पाहत नाही. बाईमाणसाची कंबर दुखणारच, असे म्हणते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलात उतरते.

माझे आजचे सांगणे एवढेच आहे की कंबर दुखणारच, असे काही विधिलिखित नाही. कामाची रीत थोडी बदलली, रोज पंधरा मिनिटे व्यायाम केला आणि दुखणे आलेच तर वेळेवर योग्य माणसाकडे गेले, तर बहुतेकांची कंबर उतारवयापर्यंत साथ देते.

मी शेतकी पदवीधर आहे, डॉक्टर नाही. पण आपली कंबर बिघडते ती बांधीत, आणि बांधीतले काम कसे करावे हे सांगणे माझ्या कामातच येते. व्यायाम आणि उपचार यांविषयी जे सांगणार आहे ते फिजिओथेरपीच्या, म्हणजे व्यायामोपचाराच्या शास्त्रातले आहे.

कणा कसा असतो?

आपल्या पाठीच्या कण्यात एकूण ३३ मणके असतात. त्यांपैकी मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ असे २४ मणके एकमेकांवर सुटे रचलेले असतात. खालचे ९ मणके मोठ्या माणसात जुळून गेलेले असतात. सुट्या मणक्यांच्या मध्ये चकत्या, म्हणजे गाद्या असतात. गादीचे बाहेरचे कडे चिवट असते आणि आतला गर ओलसर, मऊ असतो. बैलगाडीला कमानपाटे असले म्हणजे जसे धक्के कमी लागतात, तसे या गाद्यांमुळे चालताना आणि ओझे वाहताना बसणारे धक्के झेलले जातात.

पण नुसत्या मणक्यांची चळत उभी राहू शकत नाही. विजेच्या खांबाला जशी ताणाची तार दिलेली असते, तसे पोटाचे, पाठीचे आणि कुल्ल्यांचे स्नायू कण्याला चारी बाजूंनी ताणून धरतात. ताणाची तार ढिली पडली की वादळात खांब कलतो. स्नायू कमजोर झाले की सगळा भार मणक्यांवर आणि गाद्यांवर येतो. म्हणूनच व्यायाम लागतो.

आता कोणी म्हणेल, आम्ही दिवसभर राबतो, मग वेगळा व्यायाम कशाला? प्रश्न बरोबर आहे. पण आपले काम एकाच बाजूचे असते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला आपण पुढे वाकतो. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला पुढेच वाकतो. जुलै-ऑगस्टमध्ये पऱ्हे काढणे आणि रोवणी, पुढे निंदण, मग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी, भारे बांधणे, पुंजणे रचणे. ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांची जानेवारी-फेब्रुवारीत उन्हाळी धानाची पुन्हा रोवणी. वर्षभर कंबर पुढेच वाकते, मागे कधी जात नाही. दार एकाच बाजूला ओढत राहिले की बिजागरी झिजते, तशातलाच हा प्रकार.

ओझे किती, आणि कण्यावर भार किती?

पहारीने दगड उलथणे आपल्याला माहीत आहे. टेकूपासून लांब धरले की थोड्या जोरात मोठा दगड हलतो. आपल्या कमरेत हीच पहार उलटी लागते. ओझे लांब असते आणि ते तोलून धरणारा पाठीचा स्नायू मणक्याच्या अगदी जवळ, सुमारे ५ सेंटिमीटरवर असतो.

हिशेब करून पाहू. समजा २० किलोचा पऱ्ह्यांचा ओला भारा तुम्ही कमरेच्या मणक्यापासून ४० सेंटिमीटर पुढे धरून उचलला. ४० भागिले ५ म्हणजे आठपट. म्हणजे पाठीच्या स्नायूला १६० किलोचा ओढा द्यावा लागतो. शिवाय वाकलेल्या धडाचे वजन वेगळेच. तोच भारा अंगाशी, २० सेंटिमीटरवर धरला तर ओढा निम्मा होतो, ८० किलो. भारा तोच, माणूस तोच; फक्त धरण्यातला फरक. म्हणून पहिला नियम लिहून ठेवा: ओझे अंगाशी धरा.

स्वीडन देशात १९६० नंतरच्या काळात नॅकेमसन नावाच्या डॉक्टरांनी माणसाच्या कमरेच्या गादीत बारीक सुई घालून आतला दाब प्रत्यक्ष मोजला. आडवे झोपले असता दाब सर्वांत कमी, उभे राहिले की वाढतो, आणि पुढे वाकून हातात वजन घेतले की फारच वाढतो, असे त्यांना आढळले. आपल्या रोजच्या अनुभवाला शास्त्राने दिलेला हा पुरावा आहे.

रोवणी करताना

रोवणीत ओझे कमी असते, पण वाकणे लांबते. सतत वाकून राहिले की मणक्यांना मागून बांधणारे पट्टे हळूहळू ताणले जातात. ओली सुतळी ताणून ठेवली की सैल पडते, तसे. हे पट्टे सरळ उभे राहिल्याबरोबर पूर्ववत होत नाहीत. त्यांना बराच वेळ लागतो. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) साधारण दर वीस मिनिटांनी कंबर सरळ करावी. बांधीत घड्याळ कोण पाहणार? त्यापेक्षा आपल्या रोवणीच्या गाण्यांचाच उपयोग करा. ठराविक गाणी झाली की रांगेतल्या सगळ्या जणींनी एकदम उभे राहायचे, दोन्ही हात कमरेवर ठेवायचे आणि सावकाश पाच वेळा मागे वाकायचे. सगळ्या एकदम उठल्या म्हणजे कोणी मागे पडत नाही आणि कोणाला संकोचही वाटत नाही.

२) वाकताना पाठीची कमान करून वाकू नका. कुल्ल्यातून वाका आणि गुडघे थोडे सैल ठेवा. पाय ताठ केले की सगळा ताण कमरेवर येतो.

३) ज्या हातात पऱ्ह्यांची जुडी आहे त्या हाताचे कोपर त्याच बाजूच्या मांडीवर टेकवा. धडाचा काही भार मांडीवर जातो. अनुभवी बाया हे आपोआप करतात. नव्या मुलींना मुद्दाम शिकवावे.

४) रोवणी सुरू करण्याआधी जुड्या बांधीभर जवळ जवळ टाकून ठेवाव्यात. लांब हात करून, वळून जुडी घ्यावी लागू नये.

५) वाकून काम संपल्याबरोबर लगेच भारा किंवा पोते उचलू नये. ताणलेले पट्टे त्या वेळी सैल असतात आणि कंबर लचकते ती अशाच वेळी. आधी पाच-दहा मिनिटे बांधावरून चाला, पाणी प्या, मग ओझ्याला हात घाला.

६) पऱ्हे काढताना शक्य तेथे बुटका, रुंद पाट घेऊन बसावे. तासन् तास उभ्याने वाकू नये.

बंधूंनो, यातील एक गोष्ट खास आपल्यासाठी आहे. रोवणी ठेक्याने दिली की घाई होते, आणि मध्येच सगळ्या जणी उभ्या राहिल्या की मालकाला वाटते वेळ वाया गेला. आठ तासांचे ४८० मिनिटे होतात. दर वीस मिनिटांना एक मिनिट म्हटले तरी दिवसात २४ मिनिटे. अर्धा तासही नाही. एका बाईने कंबर धरली आणि ती आठ दिवस घरी बसली, तर तिची मजुरी बुडते आणि ऐन हंगामात तुमची एक रोवणारीण कमी होते. हिशेब आपणच करावा.

वाकणे कमी करणारी अवजारे

जेथे जमीन सपाट आहे आणि पाणी काढता-सोडता येते, तेथे मोड आलेले बी ड्रम सीडरने चिखलावर ओळीत पेरता येते. हे यंत्र चालत ओढायचे असते. पऱ्हे टाकणे, काढणे आणि रोवणे ही तिन्ही कामे वाचतात. मात्र पेरताना बांधीत पाणी साचलेले नको आणि तणाचा बंदोबस्त वेळेवर हवा. नाहीतर रोवणीत वाचवलेली कंबर निंदणात मोडते. ज्या गावात शेतकरी गट आहे तेथे यंत्राने रोवणी करण्याचाही विचार करावा. एकट्याला परवडत नाही ते गटाला परवडते.

ओळीत पेरलेल्या किंवा रोवलेल्या धानात कोनोवीडर उभ्याने चालवता येतो. त्याचा दांडा साधारण आपल्या कोपराच्या उंचीवर यावा. आखूड दांड्याचे अवजार घेतले तर उभ्याचे काम पुन्हा वाकून करावे लागते. घरात नवरा उंच आणि बायको बुटकी असेल तर दांड्याला दोन उंचीची भोके पाडून घ्यावीत. लोहाराचे अर्ध्या तासाचे काम आहे.

कापणीसाठी दातेरी विळा वापरा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘वैभव’ विळा आणि भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेचा ‘नवीन’ विळा हे असेच हलके दातेरी विळे आहेत. त्यांना वारंवार धार लावावी लागत नाही आणि मनगटाला व पाठीला हिसका कमी बसतो. कापताना थोडा वेळ वाकून, थोडा वेळ उकिडवे बसून, असे आलटून पालटून करावे. एकाच बैठकीत राहिले की एक तर कंबर धरते, नाहीतर गुडघे धरतात.

फवारणीचा पंप १६ लिटरचा असला तर नुसते पाणीच १६ किलोचे होते. तो जमिनीवरून उचलून पाठीवर घेऊ नका. बांधावर किंवा ओट्यावर ठेवून तिथून पाठीला लावा. दोन्ही पट्टे सारख्या लांबीचे ठेवा. ट्रॅक्टरवर चिखलणी करणाऱ्यांनी उतरल्याबरोबर ओझे उचलू नये. दिवसभराच्या हादऱ्यांनी कण्याला थकवा आलेला असतो. आधी थोडे चालावे.

कट्टा उचलताना

खरेदी केंद्रावर न्यायचा धानाचा कट्टा साधारण ४० किलोचा. युरियाची गोणी पूर्वी ५० किलोची होती, २०१८ पासून ती ४५ किलोची झाली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली शिफारस केली आहे की प्रौढ पुरुषाने हाताने वाहायचे ओझे ५५ किलोपेक्षा जास्त असू नये, आणि स्त्रिया व कोवळ्या वयाच्या कामगारांसाठी ते बरेच कमी असावे. आपल्याकडे मात्र जास्त वजन उचलणे हा मर्दपणाचा विषय होतो. तालमीत तो शोभतो, कोठारात नाही.

कट्टा उचलण्याची रीत अशी:

१) कट्ट्याच्या अगदी जवळ उभे राहा. पायांत खांद्याएवढे अंतर ठेवा, एक पाय थोडा पुढे.

२) गुडघे वाकवून खाली बसा. पाठ सरळ ठेवा, नजर समोर.

३) कट्टा अंगाशी घ्या, पोट आवळा आणि मांड्यांच्या जोरावर उठा. हिसका देऊ नका.

४) वळायचे असेल तर पावले टाकून वळा. ओझे हातात असताना कमरेतून पीळ घेणे सर्वांत धोक्याचे आहे.

५) दोघांनी मिळून उचला. शक्य असेल तेथे कट्टे जमिनीवर न ठेवता गुडघ्याएवढ्या उंच फळीवर रचा.

पऱ्हे आणि भारे नेण्यासाठी आपली कावड फार चांगली. ओझे दोन्ही बाजूंना सारखे विभागते आणि कंबर सरळ राहते. फक्त दोन्हीकडचे वजन सारखे ठेवा आणि खांदा बदलत राहा.

आणखी एक. रात्रभर झोपेत गाद्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे सकाळी उठल्याबरोबर कंबर ताठर असते. पहिला अर्धा-एक तास खूप वाकण्याची आणि जड उचलण्याची कामे टाळावीत. झाडलोट करणाऱ्या भगिनींनी लांब दांड्याचा झाडू घ्यावा. बाज झोळ पडलेली असेल तर ताणून घ्यावी. कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी किंवा गुंडाळलेले लुगडे ठेवावे, आणि उठताना एकदम न बसता कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठावे.

रोजचे पाच व्यायाम

हे व्यायाम संध्याकाळी, काम आटोपल्यावर सतरंजीवर करावेत. घाई करू नये, श्वास कोंडू नये.

पहिला: सरळ उभे राहून हात कमरेवर ठेवा, गुडघे न वाकवता सावकाश मागे वाका आणि परत या. दहा वेळा.

दुसरा: पोटावर झोपा. कोपरे टेकवून छाती वर उचला, कंबर सैल सोडा. एक-दोन मिनिटे असेच राहा. जमू लागले की तळहातांवर जोर देऊन भुजंगासनासारखे वर या. दहा वेळा.

तिसरा: पाठीवर झोपा. एकेक गुडघा दोन्ही हातांनी पोटाशी घ्या, दहा आकडे मोजा, सोडा. प्रत्येकी पाच वेळा.

चौथा: पाठीवर झोपून गुडघे दुमडा, तळपाय जमिनीवर. कुल्ले वर उचला, पाच आकडे मोजा, सावकाश खाली या. दहा वेळा. याने कुल्ल्यांचे आणि पाठीचे स्नायू बळकट होतात.

पाचवा: लहान मूल रांगते तसे हात-गुडघ्यांवर या. उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करा. पाठ डुगडुगू देऊ नका. पाच आकडे मोजून बाजू बदला. दोन्ही बाजूंनी आठ-आठ वेळा.

दुसऱ्या व्यायामाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९५६ साली न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे पायापर्यंत कळ जाणारा एक रुग्ण आला होता. त्याला खोलीतल्या टेबलावर पोटावर झोपायला सांगितले. टेबलाची डोक्याकडची बाजू वर उचललेली राहिली होती, त्यामुळे तो मागे वाकलेल्या स्थितीत पडून राहिला. थोड्या वेळाने पाहतात तो पायातली कळ गेलेली! त्यातून पुढे उपचाराची एक पद्धतच तयार झाली.

या पद्धतीतील एक खूण आपण ध्यानात ठेवावी. व्यायाम करताना पायातली कळ वर सरकून कमरेत येऊ लागली तर ते चांगले लक्षण आहे. उलट कमरेतली कळ खाली पायाकडे उतरू लागली तर तो व्यायाम थांबवावा. काही वयस्क माणसांना मागे वाकल्याने त्रास वाढतो आणि पुढे वाकल्याने बरे वाटते. त्यांनी पहिले दोन व्यायाम फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय करू नयेत. गरोदर भगिनींनी पोटावर झोपण्याचा व्यायाम करू नये, जड ओझे उचलू नये आणि कोणताही व्यायाम आधी दवाखान्यात विचारूनच करावा.

कंबर लचकली तर

वाकताना चमक निघाली, कंबर धरली, तर घाबरून जाऊ नका. कंबरदुखी हे जगातले फार मोठे दुखणे आहे. २०२० साली जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना ते होते. त्यातली बहुतेक दुखणी काही आठवड्यांत आपोआप कमी होतात. ‘गादी सरकली’ असे सांगितले की माणूस हाय खातो. खरे तर गादी जागची निसटत नाही. तिचे बाहेरचे कडे फाटून आतला गर फुगतो आणि शिरेवर दाब येतो. यातलेही पुष्कळ रुग्ण शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात.

पूर्वी अशा रुग्णाला पंधरा दिवस फळीवर झोपवत. आता तसे करत नाहीत. १९८६ साली अमेरिकेत एक चाचणी प्रसिद्ध झाली. काही रुग्णांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस पडून राहायला सांगितले होते. दोन दिवसवाले कामावर लवकर परतले आणि त्यांचे दुखणे दुसऱ्यांपेक्षा वाढले असेही दिसले नाही. म्हणून फार दुखत असेल तर एक-दोन दिवस आराम करा, शेक घ्या, पण मध्ये मध्ये उठून घरात चाला. नंतर हलकी कामे सुरू करा.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळच्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणे यांवर भर आहे. कमरेचा पट्टा आणि वजन लावून ओढणे यांची नेहमीच्या उपचारात शिफारस केलेली नाही. म्हणजे आपण ज्यावर आधी पैसे खर्च करतो, तेच त्यात बाजूला ठेवले आहे.

दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या दुकानातून आणून महिनोन् महिने खाऊ नका. त्यांनी पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडाला इजा होते. उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊन वर या गोळ्या घेतल्या तर धोका आणखी वाढतो. डॉक्टरांनी सांगितले असेल तेवढेच दिवस घ्याव्यात.

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेतात. हलका स्पर्श असेल तोवर ठीक. पण लाथ मारणे, पाठीवर उभे राहणे, मान किंवा कंबर कडकन मोडणे हे प्रकार टाळावेत. आत हाड पिचलेले असेल किंवा शीर दबलेली असेल तर जन्माचे अपंगत्व येऊ शकते.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

लघवी अडकणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे – यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जावे. येथे तासांचा हिशेब असतो.

पायातली ताकद कमी होणे, चप्पल पायातून निसटणे, चालताना पाऊल फरफटणे.

झाडावरून, गाडीवरून पडल्यानंतरची पाठदुखी. वयस्क बायांत तर साध्या पडण्यानेही मणका पिचतो.

कंबरदुखीबरोबर ताप, रात्री वाढणारी कळ, वजन घटणे, भूक मरणे. हा मणक्याचा क्षयरोग असू शकतो. क्षय फक्त छातीचा नसतो. वेळेवर ओळखला तर तो औषधाने बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात ही औषधे मोफत मिळतात.

कोठे जावे?

फिजिओथेरपी हे शास्त्र आपल्या राज्याला नवीन नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच त्याचे शिक्षण सुरू झाले. त्या काळी पोलिओने लुळी पडलेली मुले डोळ्यांसमोर होती. आज पोलिओ गेला, पण तेच शास्त्र आपल्या कमरेच्या, गुडघ्याच्या आणि लकव्याच्या कामी येते.

आपण प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवावे आणि फिजिओथेरपी कोठे मिळेल ते तेथेच विचारावे. गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. खासगी ठिकाणी जाणार असाल तर फिजिओथेरपिस्टची पदवी आणि नोंदणी पाहा. नुसता शेक देणारा आणि मशीन लावणारा म्हणजे फिजिओथेरपिस्ट नव्हे. चांगला फिजिओथेरपिस्ट तुमचे काम विचारतो, वाकून दाखवायला सांगतो आणि घरी करायचे व्यायाम शिकवतो. जाताना आपण रोवणी करतो, कट्टे उचलतो, ट्रॅक्टर चालवतो, काय करतो ते नीट सांगा. त्यावरच उपचार ठरतो.

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, यंदा एक गोष्ट करून पाहा. गावातल्या बचत गटाने रोवणी सुरू होण्याआधी एक संध्याकाळ एकत्र बसून हे पाच व्यायाम शिकून घ्यावेत. कोणत्या गाण्यानंतर उभे राहायचे ते ठरवून टाकावे. एका जणीवर आठवण देण्याचे काम सोपवावे. खर्च एका पैशाचा नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

• दर वीस मिनिटांनी कंबर सरळ, पाच वेळा मागे.
• वाकून झाल्यावर लगेच ओझे नाही.
• ओझे अंगाशी, जोर मांड्यांचा, वळणे पावलांनी.
• उभ्याने चालणारी अवजारे, मापाचा दांडा, दातेरी विळा.
• संध्याकाळी पाच व्यायाम, पंधरा मिनिटे.
• लचक भरली तर एक-दोन दिवस आराम, मग हालचाल.
• लघवी अडली, पाय लुळा पडला, ताप आला तर थेट दवाखाना.

यंदाच्या पोळ्याला बैलांचे खांदे शेकाल, तेव्हा पाणी थोडे जास्तच गरम करा आणि घरात जिने रोवणी केली तिच्या कमरेलाही शेक द्या. आपला हंगाम चांगला जावो.